उजेडात धरा आणि टाका दाखवा

घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या उतारावरच्या चाळीत शेवंती परब साड्यांना फॉल लावून द्यायची. तयार साडी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवताना तिचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "उजेडात धरा आणि टाका दाखवा." गिऱ्हाईक दारात जाऊन काठ उन्हात धरायचं, उलटासुलटा करायचं, डोळे बारीक करायचं आणि शेवटी हसून साडी पिशवीत टाकायचं. टाका दिसायचाच नाही. दिसेल कसा? काठाच्या आतून फॉलची सुती पट्टी शिवताना शेवंतीची सुई साडीचा जेमतेम एक धागा उचलायची. बाहेरून काठ कोरा करकरीत. आतून पाहिलं तर पट्टीच्या कडेला मोहरीहून बारीक तिरके टाके, सगळे एकाच अंगाला झुकलेले, वाऱ्यावरच्या भातासारखे.

बाईला त्याचा गर्व होता, आणि का नसावा? खोटा विनय तिला कधी जमलाच नाही. स्टेशनजवळ एकाने पिको-फॉलचं मशीन टाकलं तेव्हा बायका म्हणाल्या, "शेवंते, आता तुझं कसं गो?" शेवंती म्हणाली, "टीप मारतो मेला! साडीचा काठ आहे की गादीची खोळ?" झालं, त्या मशीनवाल्याकडे रोजच्या वापराच्या साड्या जायला लागल्या आणि लग्नाच्या साड्या शेवंतीकडेच राहिल्या. शालू, पैठण्या, इरकली. घाटकोपरात कुठे मांडव पडला की त्या घरातली एक तरी साडी शेवंतीच्या मांडीवरून गेलेली असायची.

संपात गिरणी बंद पडली आणि तिचा नवरा काशीराम घरी बसला, तेव्हा याच सुईवर घरातली चूल पेटत राहिली. आता तसं नव्हतं. काशीराम साकीनाक्याला एका वर्कशॉपात लागला होता, मुलगा नंदूही कमावता झाला होता. घर चालायला सुईची गरज उरली नव्हती. पण शेवंतीला होती. चाळीत काशीराम परबाची बायको म्हणून तिला कोणी ओळखत नव्हतं. उलट काशीरामच 'फॉलवाल्या शेवंतीचा नवरा' होता, आणि हे तिला मनापासून आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी नंदूची बायको शकु मानखुर्दहून या घरात आली. उंच, हसरी, बोलायला फटकळ. शेवंतीला पोरगी पाहताक्षणी पसंत होती. पण लग्नानंतर चार दिवसांनी ब्लाऊजचा हुक लावायला शकुने सुई घेतली, ती डाव्या हातात.

"गे बाय माझे! तू डावरी?"

"जेवते उजव्यानंच, आई. सुई तेवढी डाव्या हातात धरते."

"जेवणाचं सोड. लग्नाच्या साडीला डावा हात लागायचा नाही माझ्या घरात. नवरीची साडी असते ती. उद्या तिच्या संसारात काही वाकडं झालं तर बोल कुणाला?"

शकुच्या आईचं शिवणाचं मशीन होतं, शकु लहानपणापासून शिवत आलेली. तिने तोंड उघडलं आणि नवी नवरी म्हणून पुन्हा मिटलं. तेव्हापासून तिच्या वाट्याला वरकामं आली. फॉल पाण्यात भिजवून वाळवायचे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतात आणि साडीच्या काठाला चुण्या पडतात. तयार साडीला इस्त्री फिरवायची. आणि गेल्या वर्षीपासून आणखी एक काम, रोज सकाळी सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या.

"माझा वेळ जातो त्यात," शेवंती म्हणाली होती. "आणि दोरा हातभरच घ्यायचा. लांब दोरा घेतलास की गुंता झालाच म्हणून समज."

वेळबीळ काही जात नव्हता. खरी गोष्ट अशी होती, की शेवंतीला सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. चाळिशी कुणाला चुकली आहे? पण शेवंतीने ती साफ नाकारली. कधी बल्बचा उजेड कमी म्हणायची, कधी दोऱ्याची रिळं पूर्वीसारखी येत नाहीत म्हणायची. काशीराम एकदा म्हणाला, "चष्मो घे की गो." त्यावर ती अशी कडाडली, की शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. "माका दिसणा नाय? माका? अरे, माझ्या बोटांका डोळे आसत!"

चष्म्याचं भय नव्हतं तिला. भय होतं ते दारात येणाऱ्या बायकांचं. फॉलवाल्या शेवंतीला दिसत नाही, एवढी चार शब्दांची बातमी फुटली असती तर शालू-पैठण्यांनी मशीनचा रस्ता धरला असता, आणि शेवंती मग चाळीतल्या इतर चार सासवांसारखी एक सासू झाली असती. म्हणून ती बोटांच्या भरवशावर शिवत राहिली. आणि गंमत बघा, कौतुक कमी व्हायच्या ऐवजी वाढलंच! गेल्या हिवाळ्यात पंतनगरच्या कुंदाताईंच्या सुनेची पैठणी तिने करून दिली, तर कुंदाताईंनी तो काठ म्हणे आपल्या अख्ख्या ऑफिसात फिरवला. शेवंती मनात म्हणाली, बघा, डोळ्यांचं काय घेऊन बसलात!

मे महिन्यात त्याच कुंदाताई मुलीचा शालू घेऊन आल्या. डाळिंबी रंगाचा, जरीच्या काठाचा, हातात घेतला की जड लागणारा. कुंदाताई बोलायला गोड, पण बघायला चिकित्सक.

"शेवंतीबाई, मला पैठणीसारखाच टाका हवाय. अगदी तस्साच."

"तुम्ही काळजी सोडा. शनिवारी संध्याकाळी तयार."

शनिवारी त्यांचं ऑफिस अर्धा दिवस. संध्याकाळी यायच्या त्या कुंदाताई जेवणं आटोपतात न आटोपतात तोच दारात हजर. त्यांच्या पाठोपाठ शेजारची रत्नप्रभाही शालू बघायला आत घुसली. रत्नप्रभा म्हणजे चाळीचं आकाशवाणी केंद्र. तिला कळलं की सगळ्यांना कळलं.

शेवंतीचा हातभर काठ शिवायचा राहिला होता. शकुने साडीकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, तुम्ही जरा पडा ना," ती म्हणाली. "ताई उद्या नेतील. मला इस्त्री पण करायचीय अजून."

"पडायला काय झालंय मला? बसा हो कुंदाताई, हे आत्ता होतं. शकु, चहा टाक."

आणि शेवंती शिवायला लागली. शिवता शिवता बोलत होती, बोलता बोलता हसत होती, नजर गिऱ्हाइकावर आणि सुई मांडीवर. बघणाऱ्याला वाटावं, काय हात आहे बाईचा! शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, दोन्ही हातांत शालू धरून ती झोकात उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या! उजेडात धरा आणि..."

शालूबरोबर तिचं स्वतःचं लुगडंही गुडघ्यापर्यंत वर आलं.

तिने फॉल शालूला लावला होता आणि शालू स्वतःच्या नेसत्या लुगड्याला. चांगला वीतभर. मग रत्नप्रभाला हसू आवरेना. "अगो शेवंते, तू पण नवरीबरोबर सासरी निघालीस की काय?"

कुंदाताईही हसल्या. शेवंतीनेही हसून साजरं करायला पाहिलं, "मायेनं धरून ठेवलाय शालू," असं काहीतरी म्हणाली. पण कान तापले होते तिचे. शकु ब्लेड घेऊन पायाशी बसली आणि जरीला धक्का न लावता एकेक टाका कापून सासूला मोकळं केलं. एवढ्यावर भागलं असतं, तरी हसण्यावारी गेलं असतं. पण कुंदाताईंनी सवयीने शालू उचलला, दारात नेला आणि काठ उन्हात धरला.

"हा बघा," त्या हळूच म्हणाल्या. "हा टाका. हा एक. आणि हा पण."

इतक्या वर्षांत 'टाका दाखवा' म्हटल्यावर कुणी दाखवला नव्हता.

"वाईट वाटून घेऊ नका, शेवंतीबाई," कुंदाताई म्हणाल्या. "मी उद्या सकाळी येते. तोवर जमलं तर बघा, नाहीतर मग मशीनवर देते. दिवस थोडे राहिलेत हो." त्या गेल्या. रत्नप्रभाही गेली, तिला तर आता दहा घरं फिरायची होती.

शेवंतीने पिशवी उचलली. "भाजी आणते," एवढंच म्हणाली आणि टेकडी उतरली. भाजीच्या गाड्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. थेट स्टेशनजवळच्या चष्मेवाल्यापुढे जाऊन बसली. त्याने बारीक अक्षरांचा पुठ्ठा पुढे धरला.

"हे वाचा."

"मला पोथी नाही वाचायची, भाऊ. सुई ओवायची आहे." पदराला टोचलेली सुई तिने काढली, ब्लाऊजमधून दोऱ्याचा तुकडा काढला. "तयार चष्मे दाखवा. ज्याच्यात दोरा पहिल्या फटक्यात जाईल तो माझा."

चष्मेवाला हसला, पण एकामागून एक चष्मे देत राहिला. एका काळ्या फ्रेमच्या चष्म्यातून सुईचं नेढं दरवाजाएवढं दिसलं आणि दोरा सरळ आत गेला. शेवंतीला एकदम रडूच आलं. किती महिने झाले होते! मग तिने डोळे पुसले आणि फ्रेमच्या भावावरून त्याच्याशी मनसोक्त भांडली.

घरी आली तेव्हा शकु नळावर गेली होती. शेवंतीने चष्मा लावला आणि शालू उघडला. अरे देवा! टाके कुठे लांब, कुठे आखूड, कुठे एकावर एक चढलेले, दारूड्या घरी निघावा तसे चाललेले. मशीनवाला बरा असं काम. तिने शालू बाजूला ठेवला आणि ट्रंकेतल्या, इस्त्री होऊन तयार पडलेल्या साड्या काढल्या. त्याही याच आठवड्यात तिने स्वतः, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत शिवल्या होत्या. आता बघूया, किती वाट लागली आहे ती.

वाट लागलीच नव्हती. काठ बाहेरून कोरा. आत फॉलच्या कडेला बारीक, एकसारखे, सुरेख टाके. फक्त सगळे उलट्या अंगाला झुकलेले.

चष्म्यात उलटं दिसतं की काय, म्हणून तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग स्वतःची जुनी साडी आणली, जिला संपाच्या आधी कधीतरी फॉल लावला होता. तिच्यातले टाके तिच्या ओळखीचे, नेहमीच्या अंगाला झुकलेले. दोन्ही काठ शेजारी शेजारी धरून ती बघत राहिली. उजव्या हाताने शिवणारा एका दिशेने जातो. डाव्या हाताचा दुसऱ्या दिशेने येतो. टाका झुकणार तो त्यांच्या चालीप्रमाणे. हे कळायला काही शाळा लागत नाही.

आधी आली ती तिडीक. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, माझं काम उसवायचं? मग लाज वाटली, आणि ती जास्त बोचली. पैठणीचं ते कौतुक कुणाचं होतं? ऑफिसभर फिरलेला काठ कुणाचा? आणि या सगळ्याच्या वर, कितीही नको म्हटलं तरी, तिच्यातली कारागीर पुटपुटलीच, "टाका मात्र झकास आहे हो!"

शकु कळशी घेऊन आत आली. सासूच्या नाकावरचा चष्मा, मांडीवर उघडलेले काठ. कळशी तिने सावकाश खाली ठेवली.

"कधीपासून?" शेवंतीने विचारलं.

"गणपतीपासून. दुपारी तुमचा डोळा लागला की इस्त्रीला घेते ना साडी, तेव्हा उसवून परत घालते."

"सगळ्या?"

"आधी एखाददुसरा टाका असायचा. दिवाळीनंतर सगळ्याच."

"आणि माका सांगूक तोंड नव्हता तुका?"

शकुने पदर खोचला. "सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? तुम्ही मला हात लावू देत नव्हतात. तुमचं नाव गेलं असतं, तर मग मला कुठून मिळाल्या असत्या साड्या शिवायला? खरं सांगू आई, तुमच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त केलं मी. पैठणी हातात धरल्यावर काय वाटतं, ते तुम्हाला माहीत आहे ना? आणि राग पण यायचा. त्या दिवशी कुंदाताई तुमचं एवढं गुणगान करत होत्या आणि मी आत कांदा चिरत होते. भरपूर रडले, कांद्याच्या नावावर."

शेवंतीने मांडीवरचा काठ हाताने सरळ केला. ती एवढंच म्हणाली, "नवरींच्या साड्या होत्या गो त्या. डावा हात..."

"शेवटचा टाका घालताना प्रत्येकीला म्हणायचे मी, सुखी राहा गं बाई. नावं नव्हती माहीत, तरी."

शेवंतीने मनातल्या मनात एकेक नवरी आठवली. खालच्या गल्लीतली ती चांभारटेकडीला दिलेली, तिला दिवस गेलेत, डॉक्टर म्हणतात जुळं आहे. शेजारच्या चाळीतल्या एकीचा नवरा दुबईहून सोनं घेऊन आला. कुंदाताईंच्या सुनेला सातवा महिना, परवाच डोहाळजेवण झालं. एकीचंही काही वाकडं झालं नव्हतं. उलट शेवंतीच्या स्वतःच्या लग्नाची साडी तिच्या मामीने चांगल्या उजव्या हाताने शिवली होती, आणि पदरात काय पडलं? काशीराम!

तिला हसू फुटलं. "चूल पेटव," ती म्हणाली. "आणि भाजी नाही आणली मी. पिठलं कर."

सकाळी कुंदाताई आल्या. त्यांच्यामागे रत्नप्रभा होतीच, हे सांगायला नको. दारातल्या उजेडाच्या जागी, जिथे वीस वर्षं शेवंती बसत आली होती, तिथे चटईवर शकु बसली होती. बाजूला शालू, सगळा फॉल उसवून सरळ केलेला. शेवंती भिंतीला टेकून, नाकावर काळा चष्मा.

"अय्या, चष्मा!" रत्नप्रभा ओरडली.

"हो. काल घेतला. मला दिसत नव्हतं. रत्नप्रभे, नीट ऐकून घे हां, म्हणजे सांगताना चूक नको व्हायला. दिवाळीपासून या घरातून जेवढ्या साड्या गेल्या, त्यांचा टाका माझा नाही. माझ्या सुनेचा आहे. आणि माझी सून डावरी आहे. कुंदाताई, तुमचा शालूही तीच शिवणार. डाव्या हातानं."

कुंदाताईंचा हात आपोआप शालूकडे गेला. "डाव्या हातानं? शेवंतीबाई, अहो, लग्नाचा शालू आहे. माझ्या सासूबाई काय म्हणतील? मला काही तसं वाटत नाही, पण..." त्या शालू गोळा करायला लागल्या होत्या. शकु मान खाली घालून बसली होती, पण तिने काठावरचा हात काढला नाही.

"न्या," शेवंती म्हणाली. "तुमची वस्तू आहे, जबरदस्ती नाही. पण आधी घरी जाऊन सुनेची पैठणी काढा आणि आतून बघा. टाके उलटे झुकलेले दिसतील. मग त्या सुनेकडे बघा. आणि तरी वाटलं अशुभ, तर खुशाल मशीनवर द्या. मीसुद्धा दोन वर्षं हेच म्हणत होते. मूर्खपणा केला, आता नाही करायची."

कुंदाताई थांबल्या. "पैठणी हिनं केली होती?" त्यांनी शकुकडे पाहिलं. मग गोळा केलेला शालू पुन्हा उलगडला आणि तिच्या मांडीवर नीट पसरला. "सासूबाईंना आपण काठ बाहेरूनच दाखवू. जरी जपून हं, शकु."

त्यांनी तिला नावाने हाक मारली होती, शकु या घरात आल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदा.

शकुने उशीकडे हात नेला. उशी रिकामी होती. आज सकाळी तिला सुया ओवायला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवंतीने पुढे वाकून डाळिंबी रीळ उचललं, चष्मा वर सरकवला, सुई उजेडात धरली आणि एका फटक्यात दोरा पार केला. सुई सुनेपुढे धरली.

शकुने सुईकडे पाहिलं, मग दोऱ्याकडे.

"लांब झाला, आई," ती म्हणाली. "गुंता होईल."

रत्नप्रभाने तोंडावर हात ठेवला. आता काय होतंय आणि काय नाही! शेवंतीने चष्म्यावरून सुनेकडे बघितलं, चांगलं रोखून. मग दोरा दातांनी तोडला, कोपरापर्यंत मोजून हातभर घेतला, पुन्हा ओवला आणि सुई तिच्या डाव्या हातात दिली.